एम्प्रेस मिलमधले गैरहजर



संयोजकांनी आजच्या विषयाला ‘आंतरराष्ट्रीय उद्योगातील व्यवस्थापक : संस्कृती आणि नीती’ असं भारदस्त नाव दिलं आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, कारखाना एक दिवसही चालवलेला नाही. तेव्हा व्यवस्थापनाचे धडे घ्यायला कुणी आलं असेल तर त्याची निराशा होईल. मी एक जुनी गोष्ट सांगणार आहे, आणि ती आपल्याच गावातली आहे. गांधीसागराजवळ आज जिथे एम्प्रेस मॉल आहे, तिथली.

हल्ली व्यवस्थापनाच्या वर्गात हॉफस्टेड या डच अभ्यासकाचं नाव हमखास येतं. त्याने आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि १९८० साली त्यावर ग्रंथ लिहिला. साहेबासमोर माणूस किती वाकतो, अनिश्चितता किती सोसतो, याचे देशागणिक गुण काढले. अभ्यास मोठा आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य व्यवस्थापकाच्या तोंडी आलं की मी जरा सावध होतो. का, ते सांगतो.

जमशेटजी टाटांनी १८७४ साली ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापन केली. भांडवल पंधरा लाखांचं. गिरणी मुंबईत काढायची तर सगळे तिकडेच काढत होते. यांनी कापसाच्या मुलखात यायचं ठरवलं. नागपूरपर्यंत रेल्वे १८६७ सालीच आली होती, वरोऱ्याचा कोळसा हाताशी होता. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन भरणी सुरू केली. एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, म्हणाला, हा माणूस मातीत सोनं पुरतोय. पुढे त्यानेच कबूल केलं म्हणतात, की याने माती घालून सोनं काढलं. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून नाव एम्प्रेस.

आता या गिरणीत कोण कोण होतं पहा. मालक गुजराती बोलणारा पारशी. व्यवस्थापक बेझनजी मेहता, हाही पारशी, रेल्वेच्या नोकरीतून आलेला. गिरणीचा अनुभव शून्य. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी नावाच्या इंग्रजाकडे. यंत्रं इंग्लंडची. आणि कामाला आपली माणसं, बहुतेकांना शेतीचं किंवा हातमागाचं वळण. आज ज्याला आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हणतात, तो दीडशे वर्षांपूर्वी इथे चालू होता.

पहिला पेच पडला तो हजेरीचा. जमशेटजींचे चरित्रकार सांगतात की रोज साधारण वीस टक्के माणसं येतच नसत. पेरणी आली, लग्न निघालं, सण आला, माणूस गावाला गेला. त्या काळच्या साहेबाकडे याचं उत्तर तयार होतं : नेटिव्ह मजूर मुळातच आळशी. पण गंमत अशी की हीच तक्रार शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडचे मालक आपल्याच विणकरांबद्दल करत होते. तिथल्या कारागिरांना सोमवारी कामावर न जाण्याची इतकी सवय होती की त्या दिवसाला त्यांनी थट्टेने ‘सेंट मंडे’ असं संताचं नाव दिलं होतं! म्हणजे हा नेटिव्हाचा स्वभाव नव्हे. ऋतूवर आणि हातातल्या कामावर चालणारा माणूस भोंग्यावर चालू लागताना जे होतं, ते सगळीकडे होतं.

उलट बाजूही पहा. सूतकताईचं रिंग यंत्र अमेरिकेत निघालं. १८८३ च्या सुमारास ब्रुक्सबीने ते एम्प्रेसमध्ये चालवून पाहिलं आणि खूश झाला. ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीला मात्र त्यात रस नव्हता. मग मागणी ब्रुक्स अँड डॉक्सीकडे गेली. लँकेशायर विसाव्या शतकातही बराच काळ जुन्या म्यूल यंत्राला चिकटून राहिलं. त्यामागे त्यांची म्हणून कारणं होती, तिथले म्यूलवरचे कामगार कुशल होते, त्यांची संघटना बळकट होती. पण म्हणून ‘इंग्रज स्वभावानेच सुस्त’ असं कुणी लिहिलं नाही.

तर हजेरी. प्रघात दंड करण्याचा होता. जमशेटजींनी तो मार्ग सोडला. हवा खेळती राहावी म्हणून आणि दमटपणा राखण्यासाठी यंत्रणा बसवली. बक्षीस समारंभ सुरू केले. रोख रक्कम, घड्याळं, सोन्याच्या साखळ्या वाटल्या. १८८६ साली पेन्शन फंड, १८९५ साली अपघात झालेल्याला भरपाई. हे किती आधीचं, ते लक्षात घ्या. इंग्लंडमध्ये कामगार भरपाईचा कायदा १८९७ चा, आपल्याकडे १९२३ चा. भविष्य निर्वाह निधीचा कायदा तर १९५२ चा. माणूस मोठा होता, यात वाद नाही.

व्याख्यानं बहुधा इथे टाळ्या घेऊन संपतात. मला इथून पुढे बोलायचं आहे.

याच एम्प्रेस मिलमध्ये, सुरू झाल्याच्या वर्षीच, १८७७ साली संप झाला. मजुरीच्या दरावरून. भारतातल्या गिरणी कामगारांच्या अगदी पहिल्या नोंदलेल्या संपांमध्ये त्याची गणना होते. ज्यांना आपण ‘भोंगा न कळणारी माणसं’ म्हणत होतो, त्यांना दर मात्र पहिल्याच वर्षी कळला होता.

आणि मुंबईत १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. सत्यशोधक माणूस, ‘दीनबंधु’चे संपादक, स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले. पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचं निवेदन त्यांनी फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. मागण्या काय? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, कायमचा पंगू झाला तर पोटापाण्याची सोय. म्हणजे अपघात भरपाई, जी नागपुरात १८९५ साली मालकाच्या उदारपणातून मिळाली, ती मुंबईच्या कामगारांनी अकरा वर्षं आधी लेखी मागितली होती.

त्या वेळी लँकेशायरचे गिरणीवाले हिंदुस्थानात कामाचे तास कमी करा म्हणून लंडनमध्ये दडपण आणत होते. त्यात कळवळा किती आणि धंद्याची भीती किती, हे उघड गुपित होतं. आपले गिरणीमालक विरोधात काय म्हणाले? की आमचा कामगार इंग्रजासारखा सलग काम करतच नाही, मधूनमधून बाहेर जातो, विडी ओढतो, गप्पा मारतो. त्याला तासांचा कायदा कशाला? पहा, ‘त्यांची संस्कृतीच तशी’ हे वाक्य इथे आपल्याच माणसांच्या तोंडी आलं. १८८१ आणि १८९१ च्या कायद्यांनी मुलांचे, मग बायकांचे तास बांधले. प्रौढ पुरुषाला मर्यादा मिळायला १९११ उजाडलं, तीही बारा तासांची. लोखंड्यांनी मागितलेला रविवार मात्र मालकांनी १० जून १८९० रोजी कबूल केला.

आणखी एक प्रसंग मनातून जात नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्यांना घेत नसत. कांडी बदलताना सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे, म्हणून सवर्णांचा विटाळाचा आक्षेप. इंग्रज, पारशी, गुजराती, कोणत्याही व्यवस्थापकाने तो मोडून काढला नाही. कामगारांच्या रूढीत आम्ही कशाला पडू, ही भूमिका. विणखात्यात मजुरी जास्त होती, हे सांगायला हवं. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न थेट संपाच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. म्हणजे भोंग्याच्या बाबतीत रूढी मोडायची घाई, आणि इथे रूढीचा आदर.

कांट दोन प्रकारची कर्तव्यं मानतो. एक, जे केलं तर चांगलं, पण अमक्याने ते माझ्यासाठीच करावं असा हक्क मी सांगू शकत नाही. परोपकार त्यात येतो. दुसरं, जे समोरचा हक्काने मागू शकतो. सोन्याची साखळी पहिल्या खात्यातली. ती देणारा उद्या थांबला तर तक्रार कुठे करणार? पंधरा तारखेच्या आत पगार दुसऱ्या खात्यातला. जमशेटजींच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण पेन्शन फंड कोणत्या खात्यात टाकायचा, यावर मी अनेक वर्षं विचार करतोय आणि माझं मत दोनदा बदललं आहे. सध्या मला वाटतं की तो पहिल्या खात्यात सुरू झाला आणि त्याला दुसऱ्या खात्यात आणायला १९५२ पर्यंतचा काळ गेला.

आता मिहानमध्ये परदेशी कंपन्या आहेत, समोर काही तरुण मंडळी तिथे काम करणारीही दिसताहेत. त्यांनी त्यांचा अनुभव सांगावा. माईक मागे पाठवा, आपण प्रश्न घेऊ.