लहान मुलांनाही होतो लकवा. आपल्या भागात सिकलसेलची तपासणी का गरजेची

वसई : लकवा म्हटला की म्हातारं माणूस डोळ्यासमोर येतं. पण नवजात बाळापासून शाळेतल्या पोरापर्यंत कुणालाही तो होऊ शकतो. मेंदूची नस गुठळीने बंद पडली किंवा फुटली, की तेवढ्या भागाचं काम थांबतं.

मोठ्यांमध्ये बीपी, शुगर, तंबाखू ही कारणं. मुलांमध्ये वेगळी: जन्मापासूनचा हृदयदोष, क्षयाचा मेंदूज्वर, डोक्या-मानेला मार, रक्त गोठण्याचे आजार. आणि पालघर जिल्ह्यात विसरून चालणार नाही तो सिकलसेल. आदिवासी समाजात याचं प्रमाण जास्त. हा फक्त जव्हार-मोखाड्याचा विषय नाही, वसई पूर्वेच्या पाड्यांचाही आहे. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, नसेत अडकतात. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता चारात एक. वाहक स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे घरात पत्ताच नसतो.

केंद्राची सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी आहे. आधी थेंबभर रक्ताची चाचणी, संशय आला तर पक्की तपासणी. आजार निघालेल्या २ ते १६ वर्षांच्या मुलांची वर्षातून एकदा डोक्याची डॉपलर सोनोग्राफी करावी लागते. त्यात धोका दिसला तर रक्त चढवून, औषध देऊन लकवा टाळता येतो.

अचानक तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं, जोराची डोकेदुखी, झटके ही लक्षणं. तान्ह्या बाळात बहुतेकदा झटकेच दिसतात. वर्षाच्या आतलं बाळ एकच हात वापरत असेल तर 'डावखुरं आहे' म्हणून सोडू नका, दाखवा.

'वारं गेलं' म्हणून तेल चोळत बसण्यात वेळ जातो. त्यापेक्षा १०८ ला फोन करा, लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा, तोंडाने काही देऊ नका. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव लगेच कळतो, पण ताजी गुठळी सुटू शकते. म्हणून सीटी नॉर्मल आला तरी एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. नंतर हृदयाची टूडी इको आणि रक्ततपासण्या होतात. हायवेच्या ट्रॅफिकमध्ये शिरण्याआधी हॉस्पिटलला फोन करून एमआरआय आणि बालरोगतज्ज्ञ आहेत का ते विचारा. सिकलसेलचा रिपोर्ट असेल तर सोबत न्या.