गोळीचा हुकूम कोणाचा?

1948 पर्यंत जव्हारला मुकण्यांचे संस्थान, तर शेजारचे मोखाडे इंग्रजी ठाणे जिल्ह्यात. एकीकडे शिपाई राजाला बांधील, दुसरीकडे कलेक्टरला. रयतेला बांधील कोणीच नाही! 10 ऑक्टोबर 1945 रोजी त्याच जिल्ह्यात, तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगडसह पाच जण गेले. सरकारने हद्दपार केले ते शामराव व गोदावरी परुळेकरांना. हे अपघाताने घडत नाही. अंमलदार जमीनदाराच्या ओसरीवर चहा घेऊ लागला, की नेम कोणावर धरायचा हे शिपायाला सांगावे लागत नाही. पाड्यांवर मी विचारीत फिरतो. जेठ्याचे नाव आजही सांगतात. हुकूम देणाऱ्याचे नाव मला कोणी सांगितलेले नाही.