मेल सर्व्हरवरील डिस्ककोंडीचे निदान

कामाच्या गर्दीत मेल सर्व्हर मंदावतो तेव्हा प्रोसेसर बहुधा मोकळाच असतो आणि डिस्क अपुरी पडत असते. कोणते काम डिस्कपाशी तुंबले आहे हे शोधणे म्हणजे डिस्ककोंडीचे निदान. ही नोंद लिनक्सवर चालणाऱ्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरला (वीत्सा व्हेनेमा यांनी आयबीएममध्ये लिहिलेला, १९९८ साली प्रसिद्ध) धरून केली आहे.

कोंडीचे मूळ मेल सर्व्हरने दिलेल्या वचनात आहे. एसएमटीपीच्या नियमांनुसार (आरएफसी ५३२१, २००८) '२५०' हे उत्तर दिले की मेलची जबाबदारी सर्व्हरवर येते. त्यानंतर वीज गेली तरी मेल हरवता कामा नये, म्हणून पोस्टफिक्स आधी एफसिंक करून तो डिस्कवर उतरवतो आणि मगच उत्तर देतो. पुढे मेलबॉक्समध्ये टाकताना पुन्हा लेखन होते. शिवाय डिरेक्टरीतील नोंद, फाइल सिस्टिमचे जर्नल आणि लॉग आहेतच. चार-पाच किलोबाइटच्या मेलमागे अशी कितीतरी विखुरलेली लेखने होतात. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. त्यात शीर्ष हलण्याचा वेळ मिळवला की सेकंदाला साधारण ७५ ते १०० विखुरलेली कामे एवढीच तिची कुवत उरते. सलग वाचनाचा मेगाबाइटमधला वेग इथे काही सांगत नाही. अनेक डिस्क जोडणाऱ्या रेड-५ मध्ये तर एका छोट्या लेखनासाठी चार क्रिया होतात, त्यामुळे मेलच्या रांगेसाठी ती रचना टाळावीच.

पहिली खूण लोड ॲव्हरेजमध्ये दिसते. लिनक्स त्यात डिस्कसाठी खोळंबलेल्या प्रक्रियाही मोजते. म्हणून प्रोसेसर रिकामा असताना हा आकडा चढला, तर डिस्ककडे वळावे. डिस्कचे आकडे देणाऱ्या 'आयोस्टॅट'चा पहिला अहवाल सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी देतो. तो सोडून पुढचे पाहावेत. त्यात लेखनामागचा सरासरी विलंब सर्वांत महत्त्वाचा. सेकंदाला ९० लेखने आणि प्रत्येकी २०० मिलिसेकंद विलंब असेल, तर लिटलच्या नियमाने सरासरी १८ विनंत्या सतत अडकलेल्या असतात. वापराची टक्केवारी शंभर असणे एकट्या फिरत्या डिस्कबाबत बोलके आहे. एसएसडी किंवा रेड एकाच वेळी अनेक विनंत्या हाताळत असल्याने तिथे त्याच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. प्रक्रियांनुसार डिस्कचा वापर दाखवणाऱ्या 'आयोटॉप'मध्ये जेबीडी२ सर्वांत वर दिसले, तरी ते केवळ एक्स्ट४ च्या जर्नलचे काम करते. एफसिंक मागणारी प्रक्रिया दुसरीच असते.

यानंतर मेलच्या रांगा पाहणे अत्यावश्यक आहे, कारण तुंबलेला प्रत्येक मेल डिस्कमुळे तुंबत नाही. रांगांची स्थिती दाखवणाऱ्या 'क्यूशेप'मध्ये ॲक्टिव्ह (पाठवणीत असलेल्या मेलची) रांग भरलेली आणि डिस्क शांत असेल, तर अडचण समोरचे सर्व्हर किंवा डीएनएस यांत असते. ॲक्टिव्ह रांग तिच्या मर्यादेपासून (मूळ मांडणीत २०,०००) दूर असूनही इनकमिंग (नव्याने आलेल्या मेलची) रांग वाढत राहिली, तर डिस्कवरचा संशय बळावतो.

मेलची आवक तेवढीच असताना एकाएकी मंदी आली, तर डिस्कवर आणखी कोण काम करत आहे ते शोधावे. रात्रीचा बॅकअप, किंवा डेबियनमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी होणारी सॉफ्टवेअर-रेडची तपासणी ही नेहमीची कारणे. रेड कंट्रोलरची बॅटरी निकामी झाली की तो लेखनाचा कॅशे बहुधा बंद करतो आणि प्रत्येक एफसिंकला थेट डिस्कची वाट पाहावी लागते. ही शक्यता तपासायची हमखास राहून जाते.

उपायांत रांग, मेलबॉक्स आणि लॉग वेगवेगळ्या डिस्कवर नेणे प्रभावी ठरते. व्हायरस तपासणीच्या तात्पुरत्या फाइली मेमरीत ठेवता येतात, कारण मूळ मेल रांगेत सुरक्षित असतो. रांगच मेमरीत ठेवणे किंवा एफसिंक बंद करणे मात्र सर्वथा अमान्य: वेग मिळतो, पण स्वीकारलेले मेल वीज जाताच नाहीसे होतात. एसएसडी घेताना वीज गेल्यावर आतील कॅशे वाचवणारे कपॅसिटर असलेलीच घ्यावी. ते नसलेल्या एसएसडी एफसिंकच्या माऱ्याखाली फार मंदावू शकतात. म्हणून 'फिओ' या साधनाने डिस्कची चाचणी घेताना प्रत्येक लेखनानंतर सिंक करण्याचा पर्याय चालू ठेवावा.