घरच्या कर्मशाळेतील वाफेचे यंत्र

वसई-विरारच्या माणसाचा दिवस आगगाडीने उजाडतो आणि आगगाडीनेच मावळतो. ‘बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया’ कंपनीचा लोहमार्ग वैतरणा आणि वसईची खाडी ओलांडून १८६४ साली मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईस गाडी जाऊ लागली, आणि १९३६ साली बोरिवलीपासून विरारपर्यंत विजेच्या तारा आल्या. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे या किनाऱ्यावरच्या चाकरमान्याला वाफेच्या इंजिनाने वाहून नेले. इतक्या दीर्घ सहवासानंतर एक प्रश्न विचारणे वावगे होणार नाही. हे इंजिन आम्ही पाहिले, त्याची शिटी ऐकली, त्याचा धूर डोळ्यांत घेतला. पण ते आम्ही घडविले काय? आणि घडविले नसेल, तर ते का?

या प्रश्नाकडे मोठ्या कारखान्यांच्या दरवाजातून न जाता आम्ही एका लहान दारातून जाणार आहोत. ते दार म्हणजे घरची कर्मशाळा, आणि तिच्यात हाताने घडविलेले लहानसे वाफेचे यंत्र. काहींना हा पोरखेळ वाटेल. परंतु वाफेचा इतिहास चाळून पाहिला तर असे दिसते की, ज्या यंत्राने जग बदलले ते प्रथम टेबलावर मावेल एवढेच होते.

जेम्स वॅटचे उदाहरण प्रसिद्ध आहे. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठातील न्यूकोमेन यंत्राची एक प्रतिकृती दुरुस्तीसाठी त्याच्याकडे आली. तिचे भाग बिनचूक बसविले तरी ती चार-दोन फेऱ्या मारून थांबे, कारण तिला वाफ पुरत नसे. मोठे यंत्र चालते आणि त्याचीच धाकटी आवृत्ती चालत नाही, या कोड्याने वॅटला पछाडले. प्रत्येक फेरीत नळकांडे थंड करून पुन्हा तापविण्यातच बहुतेक वाफ वाया जाते, हे त्याच्या ध्यानात आले. त्यातून १७६५ साली वाफ निराळ्या पात्रात थंड करण्याची कल्पना निघाली. मोठ्या यंत्रात झाकून राहिलेला दोष लहान यंत्राने उघडा पाडला होता.

रुळावरच्या इंजिनाची कथाही अशीच आहे. वॅटचा सहकारी विल्यम मर्डॉक याने १७८४ साली कॉर्नवॉलमधील रेडरुथ या गावी वाफेवर धावणारी एक तीनचाकी चिमुकली गाडी केली. तिची प्रतिकृती नव्हे, तर मूळ गाडीच आजही बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात आहे. मर्डॉकच्या धन्यांना हा उद्योग रुचला नाही आणि तो तेथेच थांबला. त्याच मुलखातील रिचर्ड ट्रेव्हिथिक याने अठराव्या शतकाच्या अखेरीस घरी लहान यंत्रे करून पाहिली, आणि मग १८०४ च्या फेब्रुवारीत वेल्समधील पेनिडॅरन येथे दहा टन लोखंड व सत्तर माणसे ओढणारे इंजिन रुळावर उभे केले. जगातील पहिले आगगाडीचे इंजिन ते हेच.

आता हे लहान इंजिन करणे म्हणजे नेमके काय, ते थोडक्यात पाहू. आपला रुंद रूळमार्ग साडेपाच फुटांचा, म्हणजे ६६ इंचांचा आहे. घरच्या अंगणात घालण्याजोगा मार्ग पाच इंचांचा धरला, तर प्रमाण सुमारे एकास तेरा पडते. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मेल गाड्यांपुढे दिसणारे, गोल नाकाचे ‘डब्ल्यूपी’ जातीचे इंजिन या मापाने घडवावयाचे ठरविले, तर त्याचे साडेपाच फुटांहून उंच असलेले चाक पाच इंचांचे होते. लांबी-रुंदी-उंची या तिन्ही बाजूंनी माप तेरापट घटत असल्यामुळे वजन मात्र दोन हजारांहून अधिक पटीने उतरते. टेंडरसह १७० टनांचे धूड पाऊणशे किलोंवर येते, म्हणजे एका धडधाकट माणसाइतके होते. तरीही ते रुळावर बसल्या माणसांना सहज ओढून नेते.

परंतु पाणी, अग्नी आणि वाफ यांना फूटपट्टी लागू पडत नाही. पत्रा तेराव्या हिश्शाने पातळ करता येतो. कोळशाला तेराव्या हिश्शाचे जळण शिकविता येत नाही. बॉयलरच्या पोटातले पाणी दोन हजार पटींनी कमी होते, पण त्याची कातडी सुमारे पावणेदोनशे पटींनीच कमी होते. म्हणून लहान बॉयलर फार लवकर निवतो. वॅटला छळणारी अडचण ती हीच. तेव्हा जाणता कारागीर मोठ्या इंजिनाची आंधळी नक्कल करीत नाही. तो नळ्या संख्येने कमी आणि तुलनेने जाड ठेवतो, आणि बॉयलर पोलादाऐवजी तांब्याचा करून त्याचे सांधे चांदीच्या झाळीने बांधतो. दर चौरस इंचास ८० ते १०० पौंड दाबावर चालावयाचा बॉयलर प्रथम थंड पाण्याने दुप्पट दाबापर्यंत तपासला जातो. पाणी दाबले असता फारसे आकसत नाही, म्हणून सांधा फुटला तर नुसती चिळकांडी उडते. तेथेच वाफ असती तर प्राणावर बेतले असते. मग दट्ट्या नळकांड्यात असा बसवावा लागतो की वाफ निसटू नये, आणि तरीही तो अडकू नये. झडप उघडण्या-मिटण्याची वेळ केसभर चुकली तर इंजिन लंगडते. कानस, लेथ आणि धीर या तिघांवाचून येथे काम भागत नाही. हौशी माणसाची संध्याकाळची फुरसत धरली तर अशा एका इंजिनाला काही वर्षेही लागतात.

एवढे पाहिल्यावर आपल्या किनाऱ्याकडे वळू. अवघड वस्तू घडविणारे हात येथे नव्हते, असे कोणी म्हणू नये. वसईच्या उत्तरेस असलेली आगाशी सोळाव्या शतकाच्या आरंभी लाकडाच्या व्यापारासाठी व जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. पोर्तुगीजांची धाड तिच्यावर पडली तीही याच समृद्धीमुळे. पुढे हा उद्योग मुंबईत एकवटला. १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या इंग्रजी आरमारासाठी सागवानी जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात तरंगते आहे.

याच घराण्यात १८०८ साली आर्देशीर कर्सेटजी जन्मले. लाकडाच्या जहाजांचे दिवस भरत आले आहेत, हे या तरुणाने ओळखले. त्याचा ओढा वाफेकडे होता. पंचविशीच्या सुमारास त्याने माझगावात स्वतःच्या खर्चाने व स्वतःच्या हाताने एक अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र घडविले आणि विहिरीचे पाणी उपसून बागेतील कारंजे उडविले. ते रुळावर धावणारे यंत्र नव्हते, हे खरे. परंतु बॉयलर, नळकांडे, दट्ट्या आणि झडप ही वाफेच्या विद्येची चारही अक्षरे त्यात होती. १८३३ साली ‘इंडस’ या साठ टनी जहाजावर त्याने वाफेचे यंत्र बसविले. पुढच्या वर्षी स्वतःचा बंगला व बाग वायूच्या दिव्यांनी उजळली, आणि ती शोभा पाहण्यास गव्हर्नर लॉर्ड क्लेअर स्वतः आले.

१८३९ साली आर्देशीर विलायतेस गेले. १८४१ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. दुसरे रामानुजन, आणि त्यांच्यासाठी १९१८ साल उजाडावे लागले. मुंबईच्या सरकारी ‘स्टीम फॅक्टरी’चे प्रमुख इंजिनियर म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि युरोपीय कारागीर त्यांच्या हाताखाली आले. मुंबईतील एका इंग्रजी वृत्तपत्राला ही गोष्ट मानवली नाही. एतद्देशीय माणसाला हा भार पेलेल काय, अशी शंका त्याने जाहीरपणे काढली. उत्तर त्यांनी कामाने दिले. १८५१ च्या फेब्रुवारीत ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिच्या यंत्राचे भाग त्यांनी राहत्या घरच्या ओतशाळेत घडविले होते.

येथे कालक्रमाकडे लक्ष द्यावे. १८५१ साली मुंबईतील एक माणूस घरच्या ओतशाळेत आगबोटीची यंत्रसामग्री घडवितो. आणि पुढच्याच वर्षापासून त्याच मुंबईच्या धक्क्यावर विलायती इंजिने उतरू लागतात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी ज्या ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ यांनी ओढली, ती इंग्लंडमधील ‘व्हल्कन फाउंड्री’ची होती. नावे तेवढी इकडची. आर्देशीर त्या दिवशी मुंबईच्या स्टीम फॅक्टरीचे प्रमुख होते. पण रेल्वे कंपनी विलायतेची, भांडवल विलायतेचे आणि खरेदीही विलायतेतच. घरचा कारागीर तिच्या हिशेबात कोठेच बसत नव्हता. १८५७ साली ते निवृत्त झाले. पुढे काही काळ सिंधमधील आगबोटींचे काम पाहून ते इंग्लंडात रिचमंड येथे स्थायिक झाले व १८७७ साली तेथेच वारले.

याच सुमारास जपानात काय चालले होते, ते पाहिले म्हणजे आमच्या प्रश्नावर अधिक उजेड पडतो. १८५३ साली नागासाकीस आलेल्या रशियन जहाजावर वाफेवर फिरणारी एक खेळण्याएवढी आगगाडी तेथील लोकांना दाखविण्यात आली. सागा या संस्थानच्या प्रयोगशाळेतील तानाका हिसाशिगे आदी मंडळींनी त्या धर्तीचे एक लहान इंजिन १८५५ साली स्वतः घडविले आणि चालवून दाखविले. जपानात खरी आगगाडी धावली ती १८७२ साली, आणि तिचीही इंजिने इंग्लंडातूनच आली होती. जपानात बांधलेले पहिले मोठे इंजिन कोबे येथील कर्मशाळेतून १८९३ साली बाहेर पडले, आणि तेही एका इंग्रजाच्या देखरेखीखाली. हा इंग्रज रिचर्ड ट्रेव्हिथिकचा नातू होता.

आपल्याकडे संपूर्ण इंजिन प्रथम तयार झाले ते अजमेरला, १८९५ साली. ‘एफ ७३४’ हे ते मीटर-मार्गी इंजिन. अजमेरची ती कर्मशाळा आपल्या वसईवरून गाड्या नेणाऱ्या बॉम्बे-बडोदा कंपनीच्याच ताब्यात होती. कोबे १८९३ आणि अजमेर १८९५ यांत अंतर अवघे दोन वर्षांचे! तेव्हा बुद्धीत वा हातात आपण मागे होतो, हे म्हणणे टिकत नाही. फरक पडला तो त्यानंतर. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जपानी सरकारने इंजिने देशातच बांधावयाचे धोरण धरले. सागाच्या तानाकांनी १८७५ साली टोकियोत काढलेल्या कारखान्यापासून पुढे ‘तोशिबा’ हा प्रचंड उद्योग वाढला. आपल्याकडे १९२१ साली ‘पेनिन्शुलर लोकोमोटिव्ह कंपनी’ने जमशेदपूरला इंजिनांचा कारखाना उभारण्याचे धाडस केले, पण सरकारकडून ना मागणी आली ना जकातीचे संरक्षण मिळाले, आणि काही वर्षांतच तो बंद पडला. देशाच्या गरजेपुरती वाफेची इंजिने बांधणारा चित्तरंजनचा कारखाना सुरू झाला तो १९५० साली. माझगावच्या कारंज्यापासून तोवर ११७ वर्षे लोटली होती.

यावरून आम्ही असे मानतो की, घरच्या कर्मशाळेतील यंत्र ही उद्योगाची पहिली पायरी आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. तिच्यामागे मागणी हवी, शिकणारी दुसरी पिढी हवी, आणि राज्यकर्त्यांचा हात हवा. तानाकांना ते लाभले. आर्देशीरांच्या वाट्याला वैयक्तिक सन्मान आले, परंपरा आली नाही. मात्र याची उलट बाजूही तितकीच खरी. पहिली पायरीच नसेल, तर मागणी आणि राज्याश्रय असूनही माणूस केवळ विकत घेणारा राहतो. विकत घेतलेले यंत्र बिघडले म्हणजे विक्रेत्याला पत्र लिहावे लागते. घडविलेले यंत्र बिघडले म्हणजे कानस हाती घ्यावी लागते.

आता वाफेचा जमाना संपला. भारतीय रेल्वेच्या रुंद मार्गावरील नित्याची वाफेची वाहतूक १९९५ साली बंद झाली. मग ही विद्या कशास हवी, असा आक्षेप येईल. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली लोकांना खुले झाले. तेथे मुले काचेपाशी खिळून उभी राहतात; ती गाडीकडे जेवढी पाहतात तेवढीच ती कशी चालते याकडे पाहतात. वाफेचे यंत्र आपले काहीही लपवीत नाही. आग दिसते, पाण्याची पातळी काचेत दिसते, दट्ट्याची ये-जा डोळ्यांपुढे चाललेली असते. हातातल्या मोबाइलचे पोट उघडून मुलाला कार्यकारण दाखविता येत नाही. येथे ते दाखविता येते.

वसईच्या पूर्वेस वालीव, गोखिवरे, सातिवली या भागांत आज शेकडो गाळ्यांतून लेथ फिरतात. पितळ कातणारे, सुटे भाग घासून मापात आणणारे, झाळकाम करणारे कारागीर तेथे रोज राबत असतात. खाडीपलीकडचे शिक्षित घर आणि हा गाळा यांच्यामध्ये मात्र एक अदृश्य भिंत आहे. शाळेतील मुलगा वॅटचे नाव पाठ करतो. गाळ्यातला कारागीर वॅटला अडवणारी अडचण हाताने जाणतो. आणि दोघांची गाठ पडत नाही. आर्देशीरांची थोरवी अशी की, हे दोघे त्यांच्या ठिकाणी एकच होते. एखाद्या शाळेने एखाद्या गाळ्याशी ठरवून दोन वर्षांत एक तांब्याचा बॉयलर करावा, जाणत्यांच्या देखरेखीखाली तो दुप्पट दाबाला तपासावा, आणि मगच त्याखाली आग पेटवावी. इंजिन धावेल की नाही हे सांगता येत नाही. न धावले तर ते का धावले नाही याचा शोध मुलांना घ्यावा लागेल, आणि वॅटची विद्या तेथूनच सुरू झाली होती.