मुंबईतल्या पथारीचा हिशेब

जुन्या मुंबईचे गोडवे गाताना एक वाक्य हमखास येते: तेव्हा खोल्या लहान होत्या, पण मने मोठी होती. मनांबद्दल वाद नको. पण नातेवाइकाकडे उतरण्याची गिरगाव-लालबागची रीत केवळ मनाच्या मोठेपणावर शंभर वर्षे टिकली, हे पटण्यासारखे नाही. ती त्या शहराची निवासव्यवस्था होती. 1856 साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे परळ-लालबागभर भोंगे वाजू लागले. गिरण्यांना माणसे हवी होती. त्यांनी राहायचे कुठे, याची जबाबदारी मात्र बहुतेक मालकांनी घेतली नाही. 1921 च्या जनगणनेत मुंबईतले दर शंभरातले सुमारे चौऱ्याऐंशी लोक शहराबाहेर जन्मलेले होते आणि हजार पुरुषांमागे बायका जेमतेम सव्वापाचशे. रत्नागिरीहून आगबोटीने उतरलेला तरुण वळकटी घेऊन थेट चुलत्याच्या किंवा गाववाल्याच्या खोलीवर जाई. त्याच ओळखीतून त्याची जॉबरशी गाठ पडे, कारण भरती जॉबरच्या हातात असे. म्हणजे मुक्काम आणि नोकरी एकाच दारातून मिळत.

बीडीडी चाळींतली खोली साधारण 160 चौरस फुटांची. पाहुण्याने आत झोपायचे नाही, गॅलरीत पथारी टाकायची. पाळ्या वेगवेगळ्या असतील तर एकाच जागेवर दिवसा एक आणि रात्री दुसरा. ज्यांचे नातेवाईक नव्हते त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली असे. महिन्याची वर्गणी भरायची, भिंतीलगत आपली ट्रंक ठेवायची, जेवण खानावळीत. धोबीतलावचे गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांचे गावनिहाय ‘कूड’ याच तत्त्वावर चालत: पुढचे जहाज मिळेपर्यंत पेटीला आणि पाठीला जागा. जिथे वर्गणी आहे, नियम आहेत आणि गावाबाहेरच्याला मज्जाव आहे, तिथे नुसते आदरातिथ्य नसते. ती संस्था असते.

यावर कोणी म्हणेल, हे प्रेमाला वाण्याच्या वहीत कोंबणे झाले. पण देवाणघेवाण प्रेमाला मारक नसते, ती त्याला टिकवते. गावाकडून तांदूळ, कुळीथ, आमसुले येत. शिमग्या-गणपतीला चाकरमानी गेला की घर त्याचेच. 1896 च्या प्लेगमध्ये लोकांनी मुंबई सोडली आणि 1928 च्या सहा महिन्यांच्या गिरणी संपात असंख्य कामगार गावी गेले, तेव्हा यजमान-पाहुण्याची बाजू उलटली. शहरातली पथारी हा गावातल्या त्या आसऱ्याचा हप्ता होता. दुसरा आक्षेप असा की शहरात धर्मशाळा आणि लॉज होतेच. होते, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात तर टिळकांचा मुक्काम असे आणि 1920 साली तिथेच त्यांचे निधन झाले. पण ती सोय खिसा असलेल्यांची. धर्मशाळेत चार दिवस निघतात, नोकरी लागेपर्यंतचे चार महिने नाहीत.

या हिशेबातली सर्वांत मोठी नोंद मात्र कोणी केली नाही. पाहुण्याचे पाणी, भाकरी आणि अंथरूण घरच्या बाईच्या माथी येई. अनेक बायका त्यावर खानावळही चालवत. त्यांना संघटित करायला प्रेमा पुरव यांचे अन्नपूर्णा महिला मंडळ 1975 साली उभे राहिले. शिवाय दार जात पाहूनच उघडे. दलित कामगाराला आपल्याच माणसांच्या चाळी शोधाव्या लागत. गिरण्यांनी घरांवर वाचवलेला पैसा असा चुलीपाशी वसूल होत होता.

म्हणूनच 1982 च्या गिरणी संपानंतर ही रीत ओसरली त्याला मने आकसली हे कारण पुरत नाही. गिरणी गेली, तशी चुलत्याच्या शब्दावर लागणारी नोकरी गेली. गावाची शेतीही पूर्वीइतकी आधाराची राहिली नाही. गरज मात्र संपलेली नाही. परळच्या केईएम आणि टाटा रुग्णालयांत बाहेरगावचे रुग्ण येतातच. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर नातेवाईक फुटपाथवर झोपतात. त्यांना जुन्या माणुसकीच्या आठवणी सांगून उपयोग नाही. जो भार शहराने शंभर वर्षे चाळीतल्या बिऱ्हाडांवर टाकला, तो आता सार्वजनिक निवासांच्या रूपाने शहरानेच उचलला पाहिजे.