अभिहस्तांतरण व सॉलिसिटर

जमीन, घर यांसारख्या स्थावर मालमत्तेवरील हक्क एका व्यक्तीने दुसरीच्या नावे लेखी दस्तऐवजाद्वारे करून देणे म्हणजे अभिहस्तांतरण होय. इंग्लंड व वेल्समध्ये हे काम प्रदीर्घ काळ सॉलिसिटर या विधिव्यावसायिकांच्या हाती एकवटले होते. तेथील बहुसंख्य कुटुंबांचा कायद्याशी व वकिलाशी पहिला संबंध घर घेतानाच येतो. आयुष्यभराची बचत आणि पुढील अनेक वर्षांचे कर्ज या एका व्यवहारात गुंतलेले असते. हा मध्यस्थ अपरिहार्य का ठरला, याचे उत्तर इंग्रजी भूमिकायद्याच्या इतिहासात सापडते.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचे हस्तांतरण उघड्यावर, साक्षीदारांसमक्ष होई. विकणारा मातीचे ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हाती देई व ताबा सोडी. १२९० च्या कायद्याने स्वतंत्र कुळांना सरंजामी धन्याच्या संमतीवाचून जमीन विकण्याची मुभा मिळाली. या विधीत सनद लिहिली जाई. परंतु ती केवळ पुराव्यादाखल असे. हक्क देणारी कृती म्हणजे तो ताबाच. गावाला सर्व ठाऊक असल्याने फसवणुकीस वाव कमी होता. मात्र आपले व्यवहार चारचौघांत यावेत, अशी जमीनदारांची इच्छा नव्हती.

आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ मध्ये, जमिनीची काही प्रकारची विक्री सरकारदप्तरी नोंदविणे बंधनकारक करण्यात आले. विधिज्ञांनी त्यातून लवकरच वाट काढली. नोंदणीची सक्ती पूर्ण मालकीच्या विक्रीपुरती होती, भाडेपट्ट्याला ती लागू नव्हती. म्हणून घेणाऱ्यास प्रथम एक वर्षाचा पट्टा द्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी उर्वरित हक्क दुसऱ्या दस्तऐवजाने सोडून द्यावयाचा, अशी ‘पट्टा व त्याग’ ही जोडपद्धत सतराव्या शतकात रूढ झाली. तिच्या रचनेचे श्रेय सर फ्रान्सिस मूर या विधिज्ञास दिले जाते. प्रत्यक्ष जमिनीवर न जाता व कोठेही नोंद न करता मालकी बदलू लागली. १६७७ च्या कपटप्रतिबंधक कायद्याने जमिनीच्या व्यवहारास लेखी पुरावा आवश्यक ठरविला आणि साक्षीदारांच्या स्मृतीची जागा कागदाने घेतली. ही दोन दस्तऐवजांची कसरत १८४१ पर्यंत चालू होती. १८४५ च्या कायद्याने एकच साधे दानपत्र पुरेसे मानले.

गुप्ततेची किंमत पुढील प्रत्येक खरेदीदारास मोजावी लागली. सार्वजनिक नोंद नसल्याने विक्रेता खरोखर मालक आहे किंवा नाही, हे जुन्या कागदांवरूनच ठरवावे लागे. यॉर्कशरच्या तिन्ही विभागांत व मिडलसेक्समध्ये अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दस्तनोंदणी कचेऱ्या निघाल्या. इतरत्र तीही सोय नव्हती. एकामागून एक खरेदीखते, मृत्युपत्रे, विवाहकरार व गहाणखते तपासून हक्काची साखळी साठ वर्षे मागे नेण्याचा प्रघात होता. १८७४ मध्ये ही मुदत चाळीस, १९२५ मध्ये तीस व १९६९ मध्ये पंधरा वर्षांवर आली. एखादे घर दहा वर्षांत तीनदा विकले गेले, तर तेच कागद तीनदा तपासले जात आणि तिन्ही वेळा शुल्क आकारले जाई.

या कामाचा मक्ता सॉलिसिटरांकडे आला, तो मात्र विद्वत्तेच्या बळावर नव्हे. लंडनमधील दस्तलेखकांच्या संघाशी ॲटर्नींचा झगडा होता. तो १७६० मध्ये ॲटर्नींच्या बाजूने निकाली निघाला. पुढे नेपोलियनशी चाललेल्या युद्धासाठी पैसा हवा असताना, १८०४ मध्ये, पंतप्रधान धाकटा पिट याने विधिव्यावसायिकांच्या परवान्यांवरील व उमेदवारीच्या करारांवरील कर वाढविला. त्याची भरपाई म्हणून मोबदला घेऊन हस्तांतरणाचे दस्तऐवज लिहिण्यास अन्य लोकांना मनाई करण्यात आली. बॅरिस्टरांनाही हा अधिकार होता. पण नित्याचे काम सॉलिसिटरांकडेच राहिले. करवाढीच्या बदल्यात दिलेली ही सवलत पुढे सु. १८० वर्षे टिकली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

मोबदल्याची रीतही विचित्र होती. दस्तऐवजाचे शुल्क त्याच्या लांबीवर, म्हणजे ७२ शब्दांच्या एका फोलिओवर, ठरत असे. शब्दागणिक दाम मिळत असता शब्दांची काटकसर कोण करील? परिणामी एकाच अर्थाचे पाच-सहा शब्द ओळीने मांडण्याची लेखनशैली बळावली. १८८१ च्या अभिहस्तांतरण अधिनियमाने नेहमीची कलमे दस्तऐवजात गृहीत धरली आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या अधिनियमान्वये किंमतीच्या प्रमाणात शुल्क ठरविण्याची पद्धत आली. दस्तऐवज आखूड झाले. मात्र आता श्रम तेवढेच असूनही महाग घराचे शुल्क अधिक, अशी नवी तक्रार निघाली. ही ठराविक शुल्कश्रेणी १९७२ च्या आदेशाने रद्द झाली.

मूळ दुखण्यावरील उपाय म्हणजे राज्याची हक्कनोंदणी. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स या वकील नसलेल्या प्रशासकाच्या पुढाकाराने १८५८ मध्ये ती सुरू झाली. नोंदवहीत ज्याचे नाव तो मालक व चुकीची भरपाई सरकारने करावयाची, हे तिचे सूत्र होते. इंग्लंडमधील १८६२ चा भूमिनोंदणी अधिनियम व १८७५ चा अधिनियम ऐच्छिक असल्यामुळे निष्प्रभ ठरले. १८९७ मध्ये सक्तीचे तत्त्व मान्य झाले, तेव्हा सॉलिसिटरांच्या संघटनेने कसून विरोध केला. तडजोड म्हणून काउंटी परिषदांना नकाराधिकार देण्यात आला आणि १८९९ पासून सक्ती फक्त लंडन काउंटीत टप्प्याटप्प्याने लागू झाली. १९२५ च्या व्यापक सुधारणांनंतरही प्रसार संथच होता; ईस्टबर्न १९२६ मध्ये, हेस्टिंग्ज १९२९ मध्ये. संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये विक्रीनंतरची नोंदणी १ डिसेंबर १९९० रोजी अनिवार्य झाली, आणि मालकाच्या संमतीशिवाय नोंदवही पाहण्याचा अधिकार जनतेला मिळाला तोही त्याच महिन्यात.

हक्काची तपासणी सोपी झाली म्हणून सॉलिसिटरचे काम संपले नाही. त्याचे स्वरूप बदलले. ‘घेणाऱ्याने जपावे’ हे तत्त्व इंग्रजी कायद्यात कायम असल्याने खरेदीदाराच्या सॉलिसिटरला विक्रेत्याकडे लेखी पृच्छा कराव्या लागतात. रस्ता रुंदीकरण, बांधकाम परवाने, सांडपाण्याची जोडणी यांविषयी स्थानिक प्राधिकरणाकडे शोध घ्यावा लागतो. त्यानंतर सह्या केलेल्या करारांच्या दोन प्रतींची अदलाबदल होते. तोपर्यंत कोणताही पक्ष विनादंड माघार घेऊ शकतो. अदलाबदलीनंतर मात्र साधारणतः दहा टक्के अनामत रक्कम गुंतते व बंधन पक्के होते. १९७० च्या दशकारंभी किंमती भडकल्या, तेव्हा याच मधल्या काळात विक्रेते अधिक बोली लावणाऱ्याकडे वळत आणि शोध व तपासणीवर खर्च करून बसलेल्या कुटुंबांच्या हाती काहीच उरत नसे. एकाची विक्री दुसऱ्याच्या खरेदीवर अवलंबून असल्याने व्यवहारांची साखळी तयार होते व एक दुवा निखळताच सारे कोलमडतात. विक्रेत्याचे जुने कर्ज विक्रीच्या पैशातून फेडण्याची हमी त्याचा सॉलिसिटर केवळ लेखी वचनाने देतो. असे वचन मोडल्यास न्यायालय त्याला जबाबदार धरते. या विश्वासाला रोख रकमेइतके मोल आहे, आणि व्यवसायाचे खरे समर्थन मसुदालेखनापेक्षा यातच आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरमालकी वाढत गेली, तसा मक्ता लोकांना खुपू लागला. सॉलिसिटरांच्या उत्पन्नाचा सु. निम्मा भाग या कामातून येत असे. मायकेल जोसेफ या सॉलिसिटरनेच १९७६ मध्ये द कन्व्हेयन्सिंग फ्रॉड हे पुस्तक लिहून आपल्या व्यवसायबंधूंचा रोष ओढवून घेतला. १९७९ मध्ये शाही आयोगाने मक्ता राखण्याची शिफारस केली. परंतु १९८३ मध्ये मजूर पक्षाचे ऑस्टिन मिचेल यांनी खाजगी विधेयक मांडले व सरकारने आश्वासन दिल्यावर ते मागे घेतले. त्याचे फलित म्हणजे १९८५ चा न्यायप्रशासन अधिनियम. त्याने परवानाधारक अभिहस्तांतरक हा स्वतंत्र व्यवसाय निर्माण केला. शुल्क उतरले. विक्रेत्यानेच आरंभी सर्व माहितीचा संच द्यावा, ही २००७ मध्ये सुरू झालेली योजना मात्र २०१० मध्ये स्थगित करण्यात आली.

नोंदवहीची हमी असूनही मालकाचे सोंग घेणारे भामटे निघतात. लंडनमधील एका रिकाम्या घराच्या अशाच विक्रीत खरेदीदार कंपनीचे सु. ११ लक्ष पौंड बुडाले. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने या प्रकरणात दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांवर विश्वासभंगाचे दायित्व ठेवले. फसलेल्या माणसाने नुकसान एकट्याने सोसावे, की ओळख पटविण्याची संधी ज्याच्याकडे होती त्याने, हा वाद त्यामुळे ऐरणीवर आला.

इंग्रजी पद्धती भारतात प्रामुख्याने मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा शहरांत रुजली. मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात व नंतर उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टर व ॲटर्नी अशी दुहेरी व्यवस्था होती. ॲटर्नींचा वेगळा दर्जा १९७६ च्या कायदादुरुस्तीने संपला, तरी सॉलिसिटरची परीक्षा व उपाधी मुंबईत टिकून राहिली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात विक्रेता व खरेदीदार यांची कर्तव्ये इंग्रजी परिपाठाच्या आधारे ग्रथित झाली. मूळ कागद सावकाराकडे ठेवून गहाण करण्याची इंग्रजी रीत त्याने आरंभी या तीन शहरांसह काही ठराविक शहरांपुरती मान्य केली. महाराष्ट्रात दस्ताची नोंदणी होते, हक्काची हमी दिली जात नाही. सातबाऱ्यावरील नावही मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही. म्हणून वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागविण्याची आणि शोध अहवाल घेण्याची पद्धत येथे कायम आहे. १९६३ च्या सदनिका मालकीविषयक अधिनियमाने बांधकाम प्रवर्तकावर जमिनीच्या हक्काचा दाखला ॲटर्नीकडून वा किमान तीन वर्षे व्यवसाय केलेल्या अधिवक्त्याकडून घेऊन तो उघड करण्याचे बंधन घातले. त्याच अधिनियमाने अपेक्षिलेले सहकारी संस्थेच्या नावचे अभिहस्तांतरण अनेक प्रवर्तकांनी वर्षानुवर्षे टाळले. त्यामुळे २००८ मध्ये सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली.