पेमगिरी (शहागड)

पेमगिरी : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संगमनेर तालुक्यातील एक जुना गिरिदुर्ग, यादवकालीन मानला जाणारा. प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यांना विभागणाऱ्या बाळेश्वर डोंगररांगेत, संगमनेरच्या नैर्ऋत्येस सुमारे २० किमी. अंतरावर, आपल्याच नावाच्या गावाला पायथ्याशी घेऊन तो उभा आहे. भीमगड व शहागड ही त्याची अन्य नावे. त्यांपैकी दुसरे ज्या प्रसंगामुळे रूढ झाले, तोच या दुर्गाच्या महत्त्वाचा खरा आधार होय.

१६३३ च्या जून महिन्यात दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, मलिक अंबरचा पुत्र फत्तेखान शरण गेला आणि बालसुलतान हुसेनशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली, तेव्हा १४९० पासून चालत आलेली निजामशाही संपली असेच दिल्लीच्या दरबाराने गृहीत धरले. परंतु मोगलांची मनसब आदल्याच वर्षी टाकून आलेल्या शहाजीराजे भोसल्यांनी हा निकाल मानला नाही. जीवधन किल्ल्यावर असलेला निजामशाही वंशातील मुर्तजा नावाचा अल्पवयीन मुलगा त्यांनी पेमगिरीस आणला, विजापूरच्या मुरार जगदेवाचे साहाय्य मिळवून त्यास मसनदीवर बसविले आणि वजिरीची सूत्रे स्वतःच्या हाती घेऊन जुन्नर, संगमनेर, नाशिक, त्र्यंबक व उत्तर कोकण या टापूत त्याच्या नावाने अंमल सुरू केला. हा कारभार सुमारे तीन वर्षे टिकला. त्याचा बीमोड करण्यासाठी १६३६ मध्ये बादशहा शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील तहाने आदिलशहास आपल्या बाजूस वळवून त्याने शहाजीराजांना एकाकी पाडले, आणि वर्षअखेरीस माहुलीच्या वेढ्यात मुर्तजास मोगलांच्या स्वाधीन करून राजांना आदिलशाही चाकरी पत्करावी लागली. तथापि एक मराठा सरदार परगण्यांचा वसूल, किल्ल्यांची शिबंदी आणि दोन सल्तनतींशी चाललेले राजकारण एकहाती सांभाळू शकतो, हे या तीन वर्षांनी सिद्ध केले. आणि शिवाजीराजे त्या वेळी अवघ्या तीन ते सहा वर्षांचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे स्वराज्याच्या पूर्वपीठिकेत पेमगिरीचे स्थान किती वरचे आहे ते कळते. शालेय इतिहासात त्यास मिळणारी ओळ-दोन ओळींची जागा अपुरी आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

दुर्गाचे अवशेष या इतिहासाच्या मानाने तुटपुंजे आहेत. तटबंदी व बुरूज जवळजवळ नामशेष झाले असून वाड्यांचे केवळ चौथरे दिसतात. खडकात खोदलेली पाण्याची टाकी मात्र शाबूत आहेत, आणि गडावर मोठी शिबंदी राहू शकत होती याची तीच आज सर्वांत भरवशाची साक्ष होत. पेमादेवीचे जुने लहान देऊळ व त्याच्या शेजारी बांधलेले नवे प्रशस्त मंदिर माथ्यावर आहे. नवरात्रात तेथे पंचक्रोशीतील भाविकांची दाटी होते.

माथ्यापर्यंत आता मोटारीचा रस्ता गेला आहे. वृद्ध भाविकांची त्याने मोठी सोय झाली. परंतु ज्यास किल्ला समजून घ्यावयाचा आहे, त्याने गावातून निघणारी जुनी वाट धरून कातळात खोदलेल्या पायऱ्यांनी चढावे. चढ फार वेळ घेणारा नाही, आणि डोंगराचा कडा येणाऱ्याची वाट कशी अरुंद करीत नेतो, हे पायी चढल्यावाचून उमगत नाही. पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असता माथ्यावरून खालचा मुलूख दूरवर नजरेत येतो. एकीकडे जुन्नर व दुसरीकडे नाशिक-त्र्यंबक सांभाळू पाहणाऱ्यास या दोहोंमधील हे ठाणे का सोयीचे वाटले असेल, ते त्या वेळी निराळे सांगावे लागत नाही.

पायथ्याच्या गावातील शिल्पपट्टांनी सजविलेली दगडी बारव गडाइतकीच पाहण्याजोगी असून तिची निगराणी अधिक आस्थेने होणे अगत्याचे आहे. गावाच्या शिवारात एक प्रचंड वटवृक्षही आहे. त्याच्या पारंब्यांचीच खोडे होऊन कित्येक गुंठे जमीन व्यापली गेली आहे, आणि मूळ खोड कोणते हे नवख्यास ओळखता येत नाही. गड उतरून आलेल्यांनी दुपारच्या विसाव्यास तेथेच जावे.